काडी द्या, रोप घ्या: प्लांट स्वॅपला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की पुण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. रविवारी सकाळी क्लबहाऊसमधे रोपांची अदलाबदल, जास्तीची रोपं घेऊन या, पैशांचा व्यवहार नाही. आणि त्याखाली दरवर्षी तेच प्रश्न, माझ्याकडे काही खास नाहीये चालेल का, किती आणायची, नुसतं बघायला आलं तर कोणी काही म्हणेल का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी ते "माझ्याकडे काही खास नाही" निकालात काढू. स्वॅपच्या टेबलावरून सगळ्यात आधी काय उचललं जातं माहितीये? गवती चहा, कढीपत्ता, ओवा, पुदिना, गावठी लाल जास्वंद, अळूचे कंद. भारीतल्या फिलोडेंड्रॉनवाल्यांचा एक वेगळा घोळका असतो, ते आपापसात आधीच ठरवून आलेले असतात, त्यांच्याकडे बघून बिचकू नका. बाकीच्या नव्वद टक्के लोकांना रोज ओट्यावर किंवा देवाला लागतं तेच हवं असतं आणि ते नर्सरीत धड मिळत नाही. मिळालं तरी शेडनेटखाली, खताच्या डोसवर आणि दिवसातून दोनदा फवाऱ्यावर वाढलेलं असतं, आपल्या गॅलरीत आलं की पंधरा दिवसांत निम्मी पानं टाकतं. स्वॅपचं रोप तुमच्याच भागातलं पाणी पिऊन, तीच धूळ खाऊन, एक मे महिना काढून आलेलं असतं. आणि ते ज्याने वाढवलं तो माणूस समोर उभा असतो, त्याला हवं ते विचारता येतं. माझ्या मते जायचं ते यासाठी. फुकट रोपं हे कारण दुय्यम आहे, फुकटच हवं असेल तर लोक मनी प्लांट चोरून आणतातच, वर चोरलेला चांगला लागतो असंही ठणकावून सांगतात.

आता तयारी. ती आदल्या दिवशी होत नाही. शनिवारी रात्री कात्री घेऊन झाडाच्या चार फांद्या कापल्या, रबरबँड लावला आणि नेल्या असं करणारे खूप असतात, आणि काही स्वॅपमधे नुसत्या काड्या चालतातही, पण मुळं धरलेलं रोप नेलंत तर समोरचा खरंच खूश होतो आणि तुम्हालाही बदल्यात चांगलं काहीतरी मागायला तोंड राहतं. त्यामुळे महिना-दीड महिना आधी सुरुवात करा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर हवेत दमटपणा येतो तेव्हा काड्या सगळ्यात सहज लागतात, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या स्वॅपला ती रोपं तयार.

मोगरा, जास्वंद, तगर, अनंत यांची काडी लावायची पद्धत साधारण एकच. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी बघायची, अगदी कोवळी हिरवी पण नको आणि जून लाकूड झालेली पण नको. वीतभर तुकडा. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून पान फुटतं त्या गाठीच्या, जरासा खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे कुठलं टोक मातीत जायचं ते नंतर कळतं, उलटी खोचलेली काडी लागायची आशा सोडायची. खालची पानं काढून टाकायची, वर दोन ठेवायची, तीही मोठी असतील तर अर्धी कापायची, कारण मुळं नाहीत पण पानातून पाणी उडतच राहतं आणि काडी सुकते. दोन डोळे मातीच्या आत जातील इतकी खोचायची. माती म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू निम्मंनिम्मं, खत अजिबात नाही. दुधाची पिशवी धुवून खालचे दोन कोपरे कापले की झाली नर्सरीची पिशवी. ठेवायची उजेडात पण थेट ऊन आणि थेट पावसाची धार लागणार नाही अशा जागी. आणि मग हात लावायचा नाही, रोज ओढून बघणाऱ्यांच्या काड्या लागत नाहीत. एक लक्षात ठेवा, वर दोन पानं फुटली म्हणजे लागली असं नसतं, काडीत साठलेल्या अन्नावर पण पानं फुटतात आणि मग एक दिवस सगळं काळं पडतं. कापलेल्या कोपऱ्यातून पांढरं मूळ डोकावलं की समजा लागली. मोगरा, जास्वंदाला महिना ते दीड महिना धरून चाला.

सगळंच काडीवर येत नाही हेही सांगून ठेवते. मोठ्या फुलांची हायब्रीड जास्वंद बरेचदा कलम केलेली असते, तिची काडी रुसूनच बसते. हायब्रीड गुलाबाचं तेच, डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर कलम केलेल्या, गुलाबाची काडी लागली तरी रोप मरतुकडं निघतं, गावठी गुलाबी गुलाबाची मात्र सुरेख येते. पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट पानाचा तुकडा खोचून केला तर नवीन रोप साधं हिरवं येतं, पिवळी कड हवी असेल तर मुळासकट फोडूनच वेगळा करावा लागतो. मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मुळं येतील, वेल कधीच येणार नाही, त्याला देठाजवळची गाठ हवी. हे माहीत नसल्यामुळे स्वॅपमधे लोक अशी पानं देतात आणि घेणारा वर्षभर त्याच्याकडे बघत बसतो.

काडीचा खटाटोप नको असेल तर सोपी यादी घ्या. कोरफडीची पिल्लं, स्पायडर प्लांटची लोंबणारी पिल्लं, गवती चहाचे ठोंब मुळासकट फोडून, सोनटक्क्याचे आणि कर्दळीचे कंद, कढीपत्त्याच्या बुंध्याशी मुळातून फुटणारे मुनवे, मंजिऱ्या झडून कुंडीभर उगवलेली तुळशीची रोपं, मायाळूचा वेल, ऑफिस टाईमच्या (सकाळी फुलून दुपारी मिटणारी ती छोटी फुलं) काड्या. ब्रह्मकमळाचं पान उभं खोचलं की झालं. यातलं काहीही आठ-पंधरा दिवस आधी पिशवीत लावून सावलीत ठेवलं की स्वॅपपर्यंत ताजंतवानं होतं.

बियांबद्दल थोडं. गॅलरीत जागा नसेल, रोपं नाहीत, तर बिया न्या, बहुतेक ठिकाणी चालतात. गोकर्ण, गुलबाक्षी, झेंडू, वाल, घेवडा, अंबाडी, दोडका. प्लॅस्टिकमधे नको, आत दमट राहून बुरशी येते, कागदी पाकीट बेस्ट, घरात जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं पडलेली असतातच. पाकिटावर कुठल्या साली धरलेलं बी आहे ते लिहा. दुकानातल्या हायब्रीड भाजीचं बी धरून देऊ नका, पुढच्या पिढीत तसंच फळ येत नाही. वाल, घेवडा, टोमॅटो यांचं गावरान बी बहुतेक वेळा जसंच्या तसं येतं कारण त्यांचं परागीभवन फुलातल्या फुलात होतं, पण दुधी, भोपळा वगैरे वेलभाज्यांत मधमाश्या वाण मिसळून टाकतात, शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असेल तर घेणाऱ्याला तसं सांगा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती अशीच गावरान बियाणी जपली, वाढवली आणि वाटली म्हणून. आपल्याकडे आजीच्या डब्यात राखेत ठेवलेलं वालाचं बी निघालं तर ते स्वॅपमधलं सगळ्यात मोठं घबाड आहे, दहाच दाणे द्या पण द्या.

काय आणू नये हा भाग जरा कडक आहे.

कीड लागलेलं रोप आणू नका. हे सगळे म्हणतात आणि तरी टेबलावर पिठ्या ढेकूण दिसतोच. तो वरून दिसत नाही म्हणून फसायला होतं. पान उलटं करून मधल्या शिरेजवळ बघा, मग पान आणि फांदी जिथे जुळतात त्या बेचक्यात, मग अगदी शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या घडीत. कापसाचा बारीक कण अडकल्यासारखं पांढरं दिसलं तर तो कापूस नाही. नखाने दाबलात तर चिकट ओलं लागतं. रोपावर मुंग्यांची ये-जा असेल तर नक्की शोधा, मुंग्या त्या गोड चिकट पदार्थासाठी येतात, मावा किंवा पिठ्या किंवा खवले कीड यातलं काहीतरी आहेच. आणि कुंडीतून काढून मुळंही बघा, काही पिठ्या मुळांवर बसतात, वरून झाड चकाचक. मातीत इंग्रजी सी सारखी वळलेली जाड पांढरी अळी सापडली तर ती हुमणी, ती माती कोणालाही देऊ नका. पावसाळ्यात शंखी गोगलगायीची साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी पिवळसर अंडी पण मातीतून घरोघर फिरतात.

दुसरं, बेसुमार पसरणाऱ्या वनस्पती. पावसाळ्यानंतर पुण्याच्या टेकड्यांवर पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे जे ताटवे दिसतात आणि लोक फोटो काढायला जातात, ती बाहेरची वनस्पती आहे आणि तिथलं मूळचं गवत आणि रानफुलं दाबून टाकते. तिचं बी वाटू नका. घाणेरी, जलपर्णी, जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी, यांना पण घरी ठेवा. तिसरं, ट्रेकला गेलो होतो तिथून उपटून आणलं अशी आमरी (रानातलं ऑर्किड) किंवा कंदीलपुष्प (कंदिलाच्या आकाराच्या फुलाची रानवेल). सह्याद्रीतल्या कित्येक कंदीलपुष्पांच्या जाती मोजक्याच डोंगरांवर उरल्यात, एक कंद उपटला तरी फरक पडतो, आणि गॅलरीत ते जगत पण नाही. असं कोणी आणलं तर घेऊ नका, बस.

विषारी रोपं आणायला हरकत नाही पण सांगून द्या. डायफेनबेकियाचं पान लहान मुलाने चावलं तर जीभ, ओठ सुजतात, ॲडेनियम आणि कण्हेर तर त्याहून वाईट. चिठ्ठीवर "लहान मुलं, मांजर असेल तर उंच ठेवा" एवढं लिहिलं तरी पुरे.

चिठ्ठीवरून आठवलं, लेबल. हे न केल्याने चांगली रोपं टेबलावर पडून राहतात, कारण फुलाशिवाय सगळ्या हिरव्या काड्या सारख्याच दिसतात. दह्याच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि त्यावर शिसपेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. नाव, फुलाचा रंग, ऊन किती लागतं, आणि कधी लावलंय. शास्त्रीय नाव येत नसेल तर सोडून द्या, "पांढरा बटमोगरा, भरपूर ऊन, जूनमधे काडी लावली" एवढ्याने काम होतं.

न्यायचं कसं हा वेगळाच ताप. स्कूटरवर हातात धरून नेलं की वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात. बेकरीतून पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या, रोपं त्यात उभी गच्च बसवा, मधे वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि खोका पायाशी ठेवा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी नाही, नाहीतर चिखल सांडतो. कुंडीत नेऊ नका, पिशवीत किंवा आइस्क्रीमच्या डब्यात न्या, कुंडी परत मागणं फार अवघड जातं. आणि येताना लागणाऱ्या कापडी पिशव्या, खोका, पाण्याची बाटली, थोडी वर्तमानपत्रं स्वतःची न्या, महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, तिथे कोणी पिशवी देत नाही.

तिथे गेल्यावर आधी आयोजकांना नियम विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. कुठे एका रोपामागे एक कुपन, कुठे सगळं एका टेबलावर ठेवायचं आणि आणलं तेवढं उचलायचं, कुठे नुसतं तोंडी, तुम्ही मला हे द्या मी तुम्हाला ते. रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी हाकलत नाही, उलट शेवटी उरलेली रोपं बळेबळे गळ्यात मारतात, पण पहिल्या अर्ध्या तासात हात मारू नका, जे घेऊन आलेत त्यांना आधी घेऊ दे. दुसऱ्याचं रोप महाग आणि आपलं स्वस्त असा हिशोब काढत बसू नका, तुमच्या तुळशीच्या बदल्यात कोणी कॅलॅथिया देत असेल तर घ्या आणि हसून थँक्यू म्हणा. टेबलावर दाखवायला ठेवलेल्या मोठ्या झाडाची फांदी न विचारता मोडणं मात्र अगदी वाईट, आणि क्लबहाऊसच्या बागेतल्या झाडाची तर त्याहून.

आणि बोला. लाजून कोपऱ्यात उभं राहू नका. काय बोलायचं सुचत नसेल तर तीन प्रश्न पाठ करून जा: तुमच्याकडे हे कुठल्या दिशेच्या गॅलरीत आहे, पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, आणि मे महिन्यात काय केलंत. यातला पाण्याचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. एका स्वॅपला एक काकू अनंताची फुललेली रोपं घेऊन आल्या होत्या, घोळका जमलेला, आणि त्या देण्याआधी प्रत्येकाला विचारत होत्या, तुमच्याकडे टँकर येतो का हो? वाघोलीच्या एका मुलाने हो म्हटलं तर त्याला म्हणाल्या, बाळा तू तगर घेऊन जा. त्याला वाटलं काकू टाळतायत. पण त्यांचं बरोबर होतं, अनंताला आम्लधर्मी माती लागते, टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी रोज घातलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर साचतो, माती बदलत जाते, झाडाला लोह घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग लोक खत वाढवतात आणि अजून बिघडतं. तगरीला असलं काही फारसं बाधत नाही. ही माहिती त्या मुलाला नर्सरीत कोणी दिली नसती, तिथे अनंत विकून मोकळे झाले असते.

घेताना आपल्या गॅलरीचं ऊन डोळ्यासमोर ठेवा. उत्तरेकडची गॅलरी असेल तर मोगरा घेऊ नका, जगेल पण फुलणार नाही, त्याला पाच-सहा तास ऊन पाहिजे. तुमच्यासाठी फर्न, मनी प्लांट, स्पायडर प्लांट, ॲग्लोनिमा. पश्चिमेची असेल तर दुपारचं ऊन सोसणारं घ्या, कोरफड, ॲडेनियम, ऑफिस टाईम, जास्वंद. आणि मोह आवरा, आवरला नाही तर घरचे बोलतातच. पहिल्यांदा जाताना दोन-तीन रोपं आणलीत तर ती जगतात, खोकाभर आणलीत की निम्मी पिशवीतच सुकतात. ज्याने दिलं त्याचा नंबर मागायला हरकत नाही, पण ग्रुपवरून उचलू नका, विचारून घ्या.

परदेशात राहणाऱ्यांसाठी मधेच एक गोष्ट, कारण तिकडच्या मराठी मंडळातही अशा अदलाबदली होतात आणि कढीपत्त्याला तिथे सोन्याचा भाव असतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे, आणि लिंबू-संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला नावाची कीड त्यावर पोसली जाते. त्यामुळे अमेरिकेत कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सास अशा संत्र्याच्या राज्यांत क्वारंटाइनचे भाग ठरवलेत आणि तिथून रोप हलवायला निर्बंध आहेत. देण्याघेण्याआधी आपल्या काउंटीचे नियम बघा. आणि भारतातून बॅगेत काड्या नेणं तर सोडाच.

घरी आल्यावर पहिलं काम, नवीन रोप जुन्या झाडांपासून लांब ठेवणं. बाथरूमच्या खिडकीत ठेवा, जिन्यात ठेवा, पण दोन-तीन आठवडे वेगळं. आणणाऱ्याने कितीही बघून दिलं तरी अंडी दिसत नाहीत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब हलवून पानांच्या खालून फवारा, आठवड्याने परत एकदा. लगेच मोठ्या कुंडीत हलवू नका आणि खत तर अजिबात नको, प्रवासाने आधीच दमलेलं असतं. दोन-चार पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका, शेंडा हिरवा आणि ताठ आहे ना एवढंच बघा. नवा फुटवा दिसला की मग कुंडी, मग हळूहळू उन्हात.

काड्या पाण्यात ठेवल्या असतील तर दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. काडी कुजते हे एक, आणि दुसरं म्हणजे डेंग्यूचे डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतात, पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरात येऊन फुलदाण्या आणि मनी प्लांटच्या बाटल्या तपासतात ते उगाच नाही.

आणि मेलं एखादं तर कुंडी तशीच कोपऱ्यात सारून ठेवू नका. उपटून मुळं बघा. काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी जास्त झालं. पांढरे कापसाचे ठिपके असतील तर मुळावरचा पिठ्या होता, ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, गच्चीवर कागदावर पातळ पसरून आठवडाभर कडक ऊन खाऊ द्या, पावसाळा चालू असेल तर पोत्यात बांधून ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवा. मुळं चांगली दिसत असतील आणि तरी गेलं असेल, तर ज्यांनी दिलं त्यांना फोटो पाठवून विचारा, बहुतेक जण दुसरी काडी लावूनच ठेवतात.